टार्डिग्रेडची ६,६६३ ‘परकी’ जनुकं: एक गाजलेला पेपर नीट वाचताना

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. “अलीकडे वाचलेला एखादा पेपर सांगा.” हे बहुतेकांना जमतं. मग लगेच पुढचा येतो: “बरं, त्यात कच्चं काय आहे?” इथे गाडी अडते. मग “सॅम्पल साइज अजून मोठी हवी होती” किंवा “आणखी प्रयोग करायला हवे होते” अशी उत्तरं येतात. ही कुठल्याही पेपरला लागू पडतात, म्हणून ती खरं तर उत्तरंच नाहीत.

पेपरवर टीका करणं म्हणजे त्यात उणिवा मोजणं नाही. लेखकांनी जो निष्कर्ष काढला, तो त्यांच्याच पुराव्यातून निघतो का, आणि त्याच पुराव्याचा दुसरा कुठला साधा अर्थ लागू शकतो का, एवढंच बघायचं असतं. हे करून दाखवायला मी एक जुना पण उत्तम पेपर निवडलाय. उत्तम अशासाठी की तो चुकला, आणि कसा चुकला हे त्याच्या आतच वाचता येतं. त्यात लबाडी नव्हती, लेखक आळशी नव्हते, लॅब नामवंत होती. अशा पेपरमधून जेवढं शिकता येतं तेवढं फसवणुकीच्या प्रकरणांमधून नाही.

दावा काय होता

नोव्हेंबर २०१५. ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस’, म्हणजे आपण ज्याला पीनास म्हणतो त्या जर्नलमध्ये, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या गटाचा पेपर आला. पहिला लेखक थॉमस बूथबी, लॅब बॉब गोल्डस्टीन यांची. प्राणी होता हिप्सिबियस दुजार्दिनी, एक टार्डिग्रेड. (याच प्रयोगशाळेतल्या वाणाला पुढे २०१८ मध्ये हिप्सिबियस एक्झेम्प्लारिस हे नाव मिळालं. शोधताना दोन्ही नावं टाका.)

टार्डिग्रेड म्हणजे ते आठ पायांचं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं, मॉसमध्ये आणि पाण्यात राहणारं ‘पाण-अस्वल’. वाळवा, गोठवा, किरणोत्सर्ग द्या, तरी अनेक जाती टिकून राहतात. त्यामुळे त्यांच्या जीनोममध्ये काय दडलंय ही उत्सुकता सगळ्यांनाच होती.

पेपरचा दावा असा: या प्राण्यात ३८,१४५ जनुकं सापडली, त्यातली ६,६६३ प्राण्यांची नाहीतच. ती बहुतांशी जिवाणूंकडून आणि काही वनस्पती, बुरशी, आर्किया यांच्याकडून आलेली आहेत. भागाकार केलात तर १७.५ टक्के होतात, म्हणजे सुमारे सहावा हिस्सा. आईबापांकडून न येता एका जातीतून दुसऱ्या जातीत जनुक आडवं सरकण्याला क्षैतिज जनुक हस्तांतर म्हणतात. लॅबमध्ये सगळे एचजीटीच म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन. जिवाणूंमध्ये हे रोजचं आहे, अँटिबायोटिक-प्रतिरोध असाच पसरतो. प्राण्यांमध्ये मात्र दुर्मीळ. तोवरचा विक्रम डेलॉइड रोटिफर या सूक्ष्म प्राण्यांच्या नावावर होता. त्यांच्यातल्या एका जातीचा जीनोम २०१३ मध्ये आला तेव्हा सुमारे ८ टक्के जनुकं परकी असावीत असं दिसलं होतं. टार्डिग्रेडने तो विक्रम दुपटीने मोडला होता.

आणि त्याला एक मोहक गोष्टही जोडलेली होती. प्राणी वाळतो तेव्हा त्याचा डीएनए तुटतो. पुन्हा पाणी मिळालं की पेशी गळक्या होतात, बाहेरचा डीएनए आत शिरतो, आणि तुटलेलं जोडताना परका तुकडाही शिवला जातो. म्हणजे टिकण्याची कला उसनी आणलेली! लेखकांनी ही कल्पना ‘अंदाज’ म्हणूनच मांडली होती, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण बातम्यांमध्ये ‘अंदाज’ हा शब्द टिकत नाही.

आठवड्याभरात काय झालं

पेपर ऑनलाइन आला २३ नोव्हेंबरच्या सुमारास. डिसेंबरच्या पहिल्याच दिवसांत एडिंबरा विद्यापीठातल्या मार्क ब्लॅक्स्टर यांच्या गटाने प्रीप्रिंट टाकला. त्यांनी हाच प्राणी स्वतंत्रपणे सीक्वेन्स केलेला होता. पुढे २०१६ मध्ये तो पीनासमध्येच छापून आला आणि त्याचं शीर्षकच सांगत होतं की विस्तृत एचजीटीचा काहीही पुरावा नाही. त्यांच्या हिशेबात २३,०२१ जनुकांपैकी जिवाणूंकडून आल्याची भक्कम शक्यता असलेली ०.२ टक्के, आणि प्राणी नसलेल्या इतर दृश्यकेंद्रकी जीवांकडून आलेली आणखी ०.२ टक्के. ढिला हात ठेवला तरी एकूण १ ते २ टक्क्यांच्या वर नाही.

मग ६,६६३ चं काय? ते बहुतेक कंटॅमिनेशन होतं. टार्डिग्रेडसोबत त्याच पाण्यात राहणाऱ्या जिवाणूंचा डीएनए.

इथवर ऐकून बरेच जण म्हणतात, “अच्छा, सॅम्पल घाण होतं.” आणि विषय मिटवतात. माझी तक्रार याच वाक्यावर आहे. सॅम्पल घाण असणं ही या पेपरची चूक नव्हतीच. एडिंबराचंही सॅम्पल घाण होतं, आणि त्यांनी ते पेपरमध्ये सरळ लिहिलंय. अर्ध्या मिलिमीटरचा प्राणी, पोटात शेवाळ, अंगावर जिवाणू. पुरेसा डीएनए मिळवायला असे हजारो प्राणी एकत्र वाटावे लागतात. त्यात परका डीएनए येणारच. तांदळात खडे असतातच, प्रश्न निवडण्याचा आहे. चूक निवडण्यात झाली, आणि ती नेमकी कुठे झाली ते आता बघू.

पहिली खूण: जीनोमचा आकार

कुठलाही जीनोम पेपर उघडलात की सगळ्यात आधी दोन आकडे शोधा: असेंब्लीचा आकार आणि जीनोमचा अपेक्षित आकार. पहिला आकडा म्हणजे तुकडे जोडून संगणकाने जो मजकूर तयार केला त्याची लांबी. दुसरा म्हणजे पेशीतला डीएनए रंगवून किंवा फ्लो सायटोमेट्रीने मोजलेलं प्रमाण. यात सीक्वेन्सिंगचा संबंध नसतो, म्हणून हा स्वतंत्र साक्षीदार.

गोल्डस्टीन यांच्याच लॅबने २००७ मध्ये हा प्राणी नवीन मॉडेल म्हणून मांडला, तेव्हा त्याचा जीनोम सुमारे ७५ मेगाबेसचा, म्हणजे लहान आणि आटोपशीर असल्याचं लिहिलं होतं. २०१५ ची असेंब्ली मात्र २०० मेगाबेसच्याही वर गेली. एडिंबराची आली १३५, आणि पुढे २०१७ मध्ये सुधारित जीनोम आला तो सुमारे १०४ मेगाबेसचा.

आता डोकं लावा. दोन स्वतंत्र मोजमापांत दुपटीपेक्षा जास्त फरक पडतोय. कारणं अनेक असू शकतात. जुनं मोजमाप कमी आलं असेल. प्राण्याच्या दोन गुणसूत्र-प्रतींमध्ये फरक जास्त असेल तर संगणक एकच भाग दोनदा लिहितो. किंवा त्यात दुसऱ्यांचे जीनोम मिसळलेत. पेपर वाचताना ‘यापैकी काय’ हे तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. पण प्रश्न पडला पाहिजे, आणि त्याचं उत्तर पेपरने दिलंय का हे शोधलं पाहिजे. विशेषतः ज्या पेपरचा मुख्य दावाच ‘जास्तीची जनुकं’ हा आहे, त्यात जास्तीच्या मेगाबेसचा हिशेब लागणं अत्यावश्यक आहे.

दुसरी खूण: मोजपट्टीच चुकीच्या प्रश्नाची

हा माझ्या मते पेपरचा खरा गाभा आणि खरा दोष.

जनुक परकं आहे हे ठरवायला त्यांनी एचजीटी इंडेक्स वापरला. पद्धत सोपी आहे. तुमचं जनुक घ्या, डेटाबेसमध्ये ब्लास्ट करा. प्राणी नसलेल्या जीवांमधल्या सर्वांत जवळच्या जोडीदाराचा बिटस्कोअर घ्या, प्राण्यांमधल्या सर्वांत जवळच्याचा घ्या, आणि पहिल्यातून दुसरा वजा करा. उत्तर ३० किंवा जास्त आलं तर जनुक परकं समजा. रोटिफरवरच्या कामातही हेच वापरलं होतं, त्यामुळे पद्धत नवखी नव्हती.

आता या मोजपट्टीला एक प्रश्न विचारा: समोरचं जनुक टार्डिग्रेडच्या गुणसूत्रात शिवलेलं नसून सोबत आलेल्या जिवाणूचं असेल, तर आकडा किती येईल? प्रचंड येईल. कारण ते जनुक जिवाणूचंच आहे! उलट, खरंखुरं एचजीटी कोट्यवधी वर्षांपूर्वी झालेलं असेल तर ते जनुक आता प्राण्यात राहून बदललेलं असेल, त्यात इंट्रॉन आले असतील, जिवाणूशी साम्य कमी झालं असेल, आणि आकडा लहान येईल. म्हणजे ही मोजपट्टी खऱ्यापेक्षा खोट्याला जास्त गुण देते.

हे वाक्य वहीत लिहून ठेवा: जी चाचणी तुमचा दावा खरा असताना आणि खोटा असतानाही सारखीच पास होते, ती तुमच्या दाव्याचा पुरावा नसते. इंडेक्स ‘हे जनुक प्राण्यासारखं दिसतं का’ याचं उत्तर देतो. पेपरला हवं होतं ‘हे जनुक प्राण्याच्या गुणसूत्रात आहे का’ याचं उत्तर. दोन्ही प्रश्न ऐकायला जवळचे, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

रोटिफरवर तीच पद्धत वापरली तर मग तो आकडाही खोटा का? तसं नाही. पद्धत तीच असली तरी तिच्या आधी असेंब्ली किती साफ आहे यावर सगळं अवलंबून असतं. ‘अमक्यांनी वापरली होती’ हे पद्धतीचं समर्थन होऊ शकतं, तुमच्या डेटावर ती चालते याचं नाही.

तिसरी खूण: पीसीआर नक्की कशाचा

लेखकांना कंटॅमिनेशनची शंका येणार हे माहीत होतं. म्हणून त्यांनी जोडणी तपासली. परकं जनुक आणि त्याच्या शेजारचं जनुक एकाच डीएनए रेणूवर आहेत का, हे शंभराहून जास्त ठिकाणी पीसीआर करून पाहिलं, आणि बहुतेक ठिकाणी उत्तर ‘हो’ आलं. लाँग रीडचाही आधार घेतला. मुलाखतीत हा पेपर कुणी समोर ठेवला तर नव्वद टक्के विद्यार्थी इथे थांबतील: “सर, पीसीआरने कन्फर्म केलंय.”

पण शेजारी कोण होता? एडिंबरा गटाने ती यादी उघडून पाहिली तेव्हा बऱ्याच जोड्यांमध्ये दोन्ही बाजूंना जिवाणूंसारखीच जनुकं होती. जिवाणूचं एक जनुक जिवाणूच्या दुसऱ्या जनुकाशेजारी आहे हे सिद्ध झालं, तर त्यातून एवढंच सिद्ध होतं की जिवाणूचा जीनोम सलग असतो. दाव्याला आधार देणारी जोडी फक्त एकच: एका बाजूला निःसंशय प्राण्याचं जनुक, दुसऱ्या बाजूला परकं. आणि अशा काही जोड्या खऱ्या निघाल्या तरी त्यावरून ‘काही परकी जनुकं आहेत’ एवढंच म्हणता येतं. तिथून ६,६६३ वर उडी मारता येत नाही. नमुना तपासून सगळ्या पोत्याबद्दल बोलायचं असेल तर नमुना पोत्याच्या सगळ्या थरांतून घेतलेला हवा.

चौथी खूण: खोली

समजा एका प्राण्याचा जीनोम तुम्ही शंभरपट खोलीने सीक्वेन्स केला, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी शंभर वेळा वाचलं गेलं. मग त्याच गुणसूत्रात शिवलेलं परकं जनुकही शंभरच्याच आसपास वाचलं गेलं पाहिजे. ते प्रत्येक पेशीत तितकंच आहे ना? पण डबक्यातल्या जिवाणूचं जनुक मात्र सात वेळा किंवा नऊशे वेळा वाचलं जाईल. जेवढे जिवाणू, तेवढी खोली. जोडीला जीसीचं प्रमाण बघा, तेही प्रत्येक जीवाचं आपापलं असतं. आडव्या अक्षावर जीसी, उभ्या अक्षावर खोली, आणि प्रत्येक तुकड्याचा एक ठिपका. टार्डिग्रेडचे ठिपके एका ढगात येतात, जिवाणूंचे वेगळ्या ढगांत. याला ब्लॉब प्लॉट म्हणतात, आणि ही चाळणी ब्लॅक्स्टर यांच्याच गटाने लोकप्रिय केलेली आहे.

एडिंबराने आणखी एक सुंदर गोष्ट केली. दोन्ही गटांचे रीड्स दोन्ही असेंब्लींवर बसवून पाहिले. तर्क असा: जनुक खरोखर टार्डिग्रेडचं असेल तर ते दोन्ही लॅबच्या रीड्समध्ये असणारच. पण जिवाणू प्रत्येक लॅबच्या भांड्यात वेगळे. चॅपल हिलच्या असेंब्लीतल्या परक्या जनुकांच्या बहुतेक तुकड्यांना एडिंबराच्या रीड्सचा आधारच मिळाला नाही. शिवाय आरएनए बघितला, तर त्या जनुकांपैकी बहुतेक प्राण्यात व्यक्तच होत नव्हती. खटला इथे संपतो.

हे शक्य झालं कारण चॅपल हिलच्या गटाने आपला डेटा खुला केला होता. त्यांनी तो दाबून ठेवला असता तर हा वाद वर्षभर ‘आमचं खरं की तुमचं’ असा चालला असता. चुकलेल्या पेपरमधला हा भाग अगदी बरोबर होता, आणि तोही तुमच्या टिपणात यायला हवा.

आता उलट बाजूही तपासा

इथपर्यंत एडिंबराचा गट बरोबर आणि बाकी चूक असं वाटत असेल तर जरा थांबा. टीका करायची तर दोन्हीकडे करायची.

पहिली गोष्ट, चाळणी जास्त बारीक झाली तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. याचं गाजलेलं उदाहरण माशीचं आहे. ड्रोसोफिला अननासी या फळमाशीत व्होल्बाकिया हा पेशीत राहणारा जिवाणू सापडतो. जीनोम प्रकल्पांमध्ये जिवाणूसारखे तुकडे दिसले की ते कंटॅमिनेशन समजून काढून टाकायची पद्धत होती. २००७ मध्ये ‘सायन्स’मधल्या एका पेपरने दाखवलं की या माशीच्या काही वाणांत जवळपास आख्खा व्होल्बाकियाचा जीनोम, दहा लाखांहून जास्त अक्षरं, माशीच्या स्वतःच्या गुणसूत्रात शिवलेला आहे! त्यांनी ते कसं दाखवलं बघा: माश्यांना अँटिबायोटिक देऊन जिवाणू मारला, तरी त्याची जनुकं तशीच राहिली. पुढे गुणसूत्रांवरच ती चमकवून दाखवली. ही खरी चाचणी, कारण दावा खोटा असता तर ती नापास झाली असती.

म्हणजे ‘जिवाणूसारखं दिसतं म्हणून एचजीटी’ हे जितकं चूक, तितकंच ‘जिवाणूसारखं दिसतं म्हणून कंटॅमिनेशन’ हेही. ब्लॉब प्लॉटवरही ताजं एचजीटी आणि जिवाणू यांच्यातली रेषा काही ठिकाणी अंधुक असते. एडिंबराच्या पेपरने आपल्या असेंब्लीत अजून थोडं कंटॅमिनेशन उरलेलं असू शकतं असं स्वतःच म्हटलंय, आणि ‘शून्य’ न म्हणता १ ते २ टक्क्यांची वरची मर्यादा दिलीय. शीर्षकातला ‘विस्तृत’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा आहे. तो गाळून ‘टार्डिग्रेडमध्ये एचजीटी नाही’ असं सांगणारे लोकही चुकतात.

दुसरी गोष्ट, कंटॅमिनेशन नसतानाही हीच चूक होऊ शकते. २००१ मध्ये मानवी जीनोमच्या पहिल्या मसुद्यात २२३ प्रथिनांची जनुकं जिवाणूंकडून थेट आली असावीत असं म्हटलं होतं, कारण ती माश्या, कृमी, यीस्ट यांच्यात सापडत नव्हती. त्याच वर्षी स्टीव्हन साल्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी जास्त जीवांचे जीनोम तुलनेला घेतले आणि यादी सुमारे ४० वर आली. तेव्हा मोजकेच प्राणी वाचले गेले होते, त्यातल्या काहींनी ती जनुकं गमावली होती, म्हणून ती ‘परकी’ भासत होती. न सापडणं आणि नसणं यात फरक आहे.

मग टार्डिग्रेड टिकतो कसा?

विज्ञानाचा हा भाग मला सगळ्यात आवडतो. २०१६ मध्ये जपानी गटाने रामाझोटियस व्हेरिओर्नाटस या दणकट टार्डिग्रेडचा जीनोम दिला. तिथे परकी जनुकं होती १.२ टक्के किंवा त्याहून कमी. त्याच पेपरमध्ये डीसप नावाचं प्रथिन सापडलं, डीएनएला बिलगून बसणारं. मानवी पेशींमध्ये ते घातलं तेव्हा क्ष-किरणांनी होणारी डीएनएची हानी सुमारे ४० टक्क्यांनी घटली. आणि हे प्रथिन उसनं नाही, टार्डिग्रेडचं खास स्वतःचं.

२०१७ मध्ये आणखी एक पेपर आला: वाळताना टार्डिग्रेड ठराविक आकार नसलेली काही प्रथिनं वापरतात, ती पेशीला काचेसारखं गोठवून जपतात. ही जनुकंही टार्डिग्रेडचीच. पहिला लेखक कोण? थॉमस बूथबी. ज्याच्या पेपरमधला सहावा हिस्सा खोटा ठरला, त्यानेच दीड-दोन वर्षांत त्या प्राण्याबद्दलचं एक उत्तम काम दिलं. पेपर चुकतो म्हणजे माणूस बाद होत नाही, हे संशोधनात येण्याआधीच कळलेलं बरं.

आणि एचजीटीची गोष्ट तिथे संपली नाही. २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये चीनमधल्या गटाने हिप्सिबियस हेनानेन्सिस ही जात मांडली. त्यात डोडा-वन नावाचं एक जनुक जिवाणूंकडून आलेलं असावं, आणि ते बेटालेन रंगद्रव्य बनवायला लागतं, असं त्यांनी म्हटलंय. बीटाला लाल करणारा तोच गट. हे रंगद्रव्य किरणोत्सर्गाने तयार होणारे घातक मुक्त मूलक शोषून घेतं. फरक बघा. २०१५ चा दावा हजारो जनुकांचा, एका गुणांकावर उभा. २०२४ चा दावा एका जनुकाचा, आणि ते काय काम करतं हे तपासून केलेला. तोही पेपर उघडा आणि याच प्रश्नांनी वाचा. पास होतो का ते तुम्ही ठरवा.

वाचताना जवळ ठेवायचे प्रश्न

एचजीटीचाच नव्हे, कुठलाही जीनोमचा दावा वाचताना मी पुढचे प्रश्न विचारते. असेंब्लीचा आकार स्वतंत्र मोजमापाशी जुळतो का? संशयित तुकड्यांची खोली आणि जीसी बाकी जीनोमसारखी आहे का? जोडणी तपासली असेल तर शेजारी निःसंशय यजमानाचं जनुक आहे का? त्या जनुकात इंट्रॉन आहेत का, त्याचा आरएनए मिळतो का? फक्त ‘सर्वांत जवळचा जोडीदार’ बघितलाय की नीट वंशवृक्ष काढलाय? दुसऱ्या लॅबच्या किंवा जवळच्या जातीच्या नमुन्यात ते त्याच जागी सापडतं का? आणि शेवटचा, सगळ्यांत मोठा: दावा खोटा असता तर यातली कुठली चाचणी नापास झाली असती? एकही नसेल, तर आकडा कितीही मोठा असो, हात आखडता घ्या.

हे केवळ मुलाखतीपुरतं नाही. २०१५ चा पेपर मागे घेतला गेलेला नाही. शोधलंत तर तो मिळतो, आणि पहिल्या पानावर ‘एक-षष्ठांश’ तसंच लिहिलेलं आहे. उत्तर देणारे पेपर शेजारी वाचले नाहीत तर तो तुमच्या सिनॉप्सिसमध्ये सहज शिरेल.

याहून गंभीर गोष्ट डेटाबेसची आहे. जिवाणूचा तुकडा ‘प्राणी’ अशा लेबलखाली सार्वजनिक डेटाबेसमध्ये जाऊन बसला, की पुढच्या माणसाच्या ब्लास्टमध्ये तोच ‘प्राण्यातला जोडीदार’ म्हणून वर येतो. मग त्याचं खरं एचजीटी लपतं, किंवा त्याच्या भांड्यातलं कंटॅमिनेशन प्राण्याचं वाटू लागतं. आपल्याकडे आता सीक्वेन्सिंग स्वस्त झालंय. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्येही माती, शेवाळ, कीटक, गोगलगायी यांचे जीनोम वाचले जातायत. तुमच्यापैकी कुणीतरी येत्या दोन-तीन वर्षांत एखादी असेंब्ली अपलोड करेल. ती अपलोड करण्याआधी ब्लॉब प्लॉट काढा, जिवाणूंचे ढग वेगळे करा, आणि काय काढलं, का काढलं, हे पद्धतीच्या भागात लिहा. कच्चे रीड्सही द्या. तुमची चाळणी चुकली असेल तर निदान दुसऱ्याला ती दुरुस्त करता येईल.